'वाइड' कुठं आणि 'वाइडली' कुठं? सोलापूरच्या चादरीवरून समजून घेऊ

पाऊस तोंडावर आला की आपल्या सगळ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हवामान खात्याचं इंग्रजी बुलेटिन फिरायला लागतं. त्यात मध्य महाराष्ट्रासमोर लिहिलेलं असतं 'फेअरली वाइडस्प्रेड', आणि लगेच खाली कुणीतरी विचारतं, म्हणजे लई पाऊस आहे का? दुसरा सांगतो, वाइड म्हणजे मोठा, म्हणजे मोठा पाऊस, करून टाका पेरणी. हे वाचलं की मला खरंच काळजी वाटते, कारण पाऊस किती पडणार याच्याशी त्या शब्दाचा काही संबंधच नाही, तो फक्त पाऊस कुठं कुठं पडणार एवढंच सांगतो. आपला सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेतला, इथं एक पेरणी वाया गेली की बियाणं, खत, मजुरी सगळं गेलं.

हाच शब्द दुसऱ्या कपड्यात रोज समोर येतो. बातमीत 'वाइडली शेअर्ड व्हिडिओ', 'वाइडली एक्सपेक्टेड', मोबाईलच्या जाहिरातीत 'वाइड अँगल', क्रिकेटमध्ये 'वाइड', इंटरव्ह्यूच्या फॉर्ममध्ये 'वाइडली यूज्ड सॉफ्टवेअर'. माझ्याकडं संध्याकाळी इंग्रजी शिकायला पूर्व भागातली पोरंपोरी येतात, दिवसभर काम करून येतात, आणि 'वाइड' लिहायचं का 'वाइडली' लिहायचं इथं हमखास अडतात. म्हणून म्हटलं एकदा नीट सगळं लिहून काढावं.

आधी पाया: क्रियाविशेषण म्हणजे काय

शाळेत आपण क्रियाविशेषण शिकलो, इंग्रजीत त्याला अॅडव्हर्ब म्हणतात. काम कसं झालं, कुठं झालं, किती झालं हे सांगणारा शब्द. 'तो हळू चालतो' यातला 'हळू'. बास, व्याकरणाचा एवढाच शब्द लक्षात ठेवा, बाकीचे लागणार नाहीत.

मग शाळेतच आपल्याला एक नियम मिळाला, की विशेषणाला एल-वाय लावला की क्रियाविशेषण तयार. स्लो चं स्लोली, क्विक चं क्विकली, वाइड चं वाइडली. नियम खोटा नाही, बहुतेक ठिकाणी चालतोसुद्धा. पण तो अर्धाच सांगितला जातो. कारण 'वाइड' हा शब्द एल-वाय न लावतासुद्धा क्रियाविशेषण म्हणून चालतो, आणि कित्येक वाक्यात तोच बरोबर असतो, 'वाइडली' तिथं चूक ठरतो. म्हणजे एकाच कामासाठी दोन शब्द आहेत आणि दोघांची कामाची जागा वेगळी आहे. ही जागा कशी ओळखायची हाच खरा प्रश्न आहे.

चादर समोर ठेवा

आमच्या गल्लीतल्या एका चादरीच्या दुकानदाराच्या मुलानं मध्यंतरी ऑनलाइन विक्री चालू केली. पोरगा हुशार, फोटो छान काढतो, स्वतः पॅकिंग करतो. मालाची माहिती इंग्रजीत लिहायची होती म्हणून त्यानं लिहिलं, 'अवर चादर इज ६० इंचेस वाइडली अँड वाइड यूज्ड इन ऑल इंडिया.' मला दाखवायला आणलं आणि म्हणाला, बघा की मॅडम, दोन्ही शब्द वापरलेत. दोन्ही वापरले होते खरे, फक्त एकमेकांच्या जागेवर. बरोबर वाक्य असं होतं: 'अवर चादर इज ६० इंचेस वाइड अँड इट इज वाइडली यूज्ड ऑल ओव्हर इंडिया.'

त्याला मी जे सांगितलं तेच इथं सांगते. मागावरची चादर डोळ्यासमोर आणा. तिला एक पन्हा असतो, म्हणजे कापडाची रुंदी. मागावर ठरला तेवढाच पन्हा, टेप लावली की इंचात आकडा येतो, त्यात मत-बित काही नसतं. आता तीच चादर गठ्ठ्यात बांधून ट्रान्सपोर्टला गेली, तिथून हैदराबाद, पुणे, नागपूर, कुठल्यातरी लॉजच्या खाटेवर, कुठल्यातरी हॉस्टेलच्या पेटीत. तिचा पन्हा तेवढाच राहिला, एक इंचसुद्धा वाढला नाही, पण ती पसरली किती! लोकांमध्ये पसरली, गावांमध्ये पसरली. आता हा पसारा टेपनं मोजता येत नाही.

पन्हा म्हणजे वाइड. पसारा म्हणजे वाइडली.

आणि सोलापुरी चादरीच्या बाबतीत दोन्ही खरं आहे. चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय टॅग आहे, माल त्या गावच्या नावानं आणि दर्जानं ओळखला जातो म्हणून तो मिळतो, आणि हे नाव तर देशभर ओळखलं जातं. म्हणून 'वाइडली नोन' म्हणायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

शंका आली की एक सोपी तपासणी करायची. त्या शब्दाच्या जागी 'बाय मेनी पीपल' नाहीतर 'इन मेनी प्लेसेस' घालून बघायचं, म्हणजे 'पुष्कळ लोकांकडून' किंवा 'पुष्कळ ठिकाणी'. वाक्य टिकलं तर वाइडली. 'वाइडली यूज्ड', पुष्कळ लोक वापरतात, टिकलं. 'वाइडली अव्हेलेबल', पुष्कळ ठिकाणी मिळतं, टिकलं. 'ओपन युअर माउथ', आणि पुढं पुष्कळ ठिकाणी? नाही टिकत. तिथं वाइड.

मग डॉक्टर 'ओपन वाइड' का म्हणतात?

ही शंका वर्गात हमखास येते. दाताचे डॉक्टर म्हणतात 'ओपन वाइड'. उघडणं हे काम आहे, 'किती उघडायचं' हे सांगणारा शब्द म्हणजे क्रियाविशेषण, मग शाळेच्या नियमानं 'ओपन वाइडली' व्हायला पाहिजे ना? नाही. तोंड किती उघडलं हे समोर दिसतंय, बोटानं मोजता येतंय, म्हणून वाइड. अजून उघडा म्हणायचं असेल तर 'वायडर', 'मोअर वाइडली' नाही.

क्रिकेटमध्येही हेच. पार्क मैदानावर सकाळी खेळणारा कुठलाही पोरगा हात आडवे करून वाइड दाखवतो. 'द अंपायर कॉल्ड अ वाइड' यात वाइड हे नाम आहे, त्या बॉलचं नाव. पण 'ही बोल्ड इट वाइड ऑफ द ऑफ स्टंप' म्हटलं की तो क्रियाविशेषण झाला, बॉल कुठून गेला ते सांगतोय, आणि नेम धरला होता त्या जागेपासून लांब असा अर्थ आला. तिथंही अंतर डोळ्यांनी दिसतं. 'बोल्ड वाइडली' कुणी म्हणत नाही.

आणि आता जो भाग मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो. 'वाइड ओपन' आणि 'वाइड अवेक' या दोन जोड्या बघा. 'द डोअर वॉज वाइड ओपन' हे आपण मराठीत कसं सांगू? दार सताड उघडं होतं. 'आय वॉज वाइड अवेक' कसं सांगू? मी टक्क जागी होते. 'सताड' हा शब्द दुसरीकडं कुठं वापरतो आपण? सताड रस्ता, सताड मैदान असं कुणी म्हणत नाही, तो उघड्या दारालाच चिकटलेला आहे. 'टक्क' पण तसाच, जागेपणाला आणि बघण्याला चिकटलेला. आणि 'सताडपणे उघडं' असं तर आपण झोपेतसुद्धा म्हणणार नाही. अगदी हेच इंग्रजीत झालंय, वाइड हा ओपनला आणि अवेकला असाच चिकटून राहिलेला आहे, त्याला एल-वाय लावला की कानाला खटकतो. ज्याला मराठीत सताड कुठं म्हणायचं ते कळतं त्याला 'वाइड ओपन' नवीन शिकायची गरजच नाही, फक्त ओळख पटवायची आहे. माझ्या वर्गातल्या ज्या मुलींच्या घरी तेलुगू बोलतात त्यांना मी म्हणते, तुमच्या भाषेत असला चिकटलेला शब्द कुठला ते शोधून आणा.

'वाइड ओपन' चा एक पुढचा अर्थपण आहे. 'द मॅच इज वाइड ओपन' म्हणजे सामना कुणाकडंही झुकू शकतो, अजून काही ठरलेलं नाही. निवडणुकीच्या बातम्यांत 'द कॉन्टेस्ट इज वाइड ओपन' असं येतं, म्हणजे कोण येईल सांगता येत नाही. 'वाइड ओपन टू क्रिटिसिझम' म्हणजे टीकेला पूर्ण वाव ठेवलेला.

हे दोन दोन शब्द आले कुठून

थोडक्यात सांगते, कारण कारण कळलं की पाठ करावं लागत नाही. साधारण हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत विशेषण होतं 'वीड', आणि त्याचं क्रियाविशेषण करायचं तर शेवटी 'ए' जोडायचे, 'वीडे'. पुढं कित्येक पिढ्यांनी बोलता बोलता तो शेवटचा 'ए' उच्चारायचं सोडून दिलं. त्यामुळं विशेषण आणि क्रियाविशेषण दोन्ही सारखेच ऐकू यायला लागले, ते आजचं वाइड. त्याच्या शेजारी दुसरी पद्धत वाढत होती, 'लीचे' असं शेपूट लावायची, तेच घासून घासून एल-वाय झालं. म्हणजे वाइड हा काही अडाणी लोकांनी एल-वाय खाऊन बनवलेला शब्द नाही, तो जुन्या पद्धतीचा अस्सल वारस आहे. हार्ड, फास्ट, डीप, हाय हे शब्दपण याच वाटेनं आले.

आणि या शब्दांकडं बघितलं की पन्हा आणि पसारा यांचा फरक सगळीकडं दिसायला लागतो. बोअर मारताना 'दे ड्रिल्ड डीप', खोल, फुटात मोजा. मन दुखावलं तर 'डीपली हर्ट', तिथं फूट नाहीत. सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेतला पाळणा 'गोज हाय', उंच, दिसतंय. पण माणसाला मान असेल तर 'हायली रिस्पेक्टेड'. एल-वाय नसेल तर बहुतेक वेळा मोजता येईल असं काहीतरी, एल-वाय असेल तर मोजपट्टीत न बसणारं. फक्त हार्ड ला सांभाळा, 'ही वर्क्स हार्ड' म्हणजे कष्ट करतो आणि 'ही हार्डली वर्क्स' म्हणजे फारसं कामच करत नाही. इंटरव्ह्यूमध्ये एवढी एक चूक चांगल्या कष्टाळू पोराला आळशी ठरवून जाते.

यात्रेवरून आठवलं, 'फार अँड वाइड' ही जोडी पण पाठच असू द्या. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेला कर्नाटक, तेलंगणातून लोक येतात, 'पीपल कम फ्रॉम फार अँड वाइड'. इथं अर्थ पसाऱ्याचा आहे तरी शब्द वाइड. चिकटलेली जोडी आहे, जशीच्या तशी घ्यायची.

वाइडली कुणाशी जमतं

आता वाइडली कडं येऊ. याचं सगळ्यात जास्त जमतं ते क्रियापदाच्या तिसऱ्या रूपाशी, यूज्ड, नोन, रेड, ग्रोन, रिस्पेक्टेड अशांशी. 'ज्वारी इज वाइडली ग्रोन इन सोलापूर डिस्ट्रिक्ट.' मालदांडी ज्वारीचं एम ३५-१ हे वाण आपल्या मोहोळला निवड करून काढलेलं, आणि अजूनही रब्बीला कुठं कुठं पेरलं जातं बघा, मंगळवेढ्याच्या काळ्या रानापासून पार कर्नाटकापर्यंत. म्हणून 'इट इज वाइडली ग्रोन'. या रूपांच्या आधी जवळजवळ नेहमी वाइडलीच येतो, 'वाइडस्प्रेड' सारखे थोडे जोडशब्द सोडले तर. अगदी डोळ्यांना दिसणारं अंतर असलं तरी. झाडं लांब लांब लावली तर 'वाइडली स्पेस्ड', पण पाय फाकवून उभं राहायचं असेल तर 'फीट वाइड अपार्ट'. स्पेस्ड हे तिसरं रूप म्हणून तिथं वाइडली, अपार्ट तसं नाही म्हणून तिथं वाइड. पन्ह्याचा नियम इथं थोडा वाकतो, हे मान्य करूनच पुढं जाऊ.

कर्ता स्वतः काम करतोय अशा साध्या क्रियापदाबरोबर असेल तर वाइडली त्याच्या नंतर येतो. 'शी हॅज ट्रॅव्हल्ड वाइडली', 'ही रीड्स वाइडली', म्हणजे एकाच प्रकारचं न वाचता सगळ्या प्रकारचं वाचतो. या 'रीड्स वाइडली' ला माझ्या मते मराठीत सगळ्यात जवळचं म्हणजे चौफेर वाचन.

दुसरा अर्थ फरकाचा. सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याचे भाव बघा, एकाच दिवशी एकाच आवारात प्रतीप्रमाणं केवढा फरक असतो. 'प्राइसेस व्हेरी वाइडली.' हा व्हेरी म्हणजे व्ही-ए-आर-वाय, कमीजास्त होणं, 'खूप' वाला व्हेरी नाही. इथं 'पुष्कळ लोकांकडून' वाली तपासणी लागू होत नाही. इथं 'पुष्कळ प्रमाणात' असा अर्थ आहे, कमीत कमी आणि जास्तीत जास्त यातलं अंतर मोठं. 'डिफर वाइडली' पण तसंच, मतं फार वेगवेगळी. व्हेरी आणि डिफर एवढे दोन लक्षात ठेवले तरी पुरे.

जमत नाही कुणाशी? साध्या गुणवाचक विशेषणाशी. 'वाइडली ब्यूटिफुल', 'वाइडली इम्पॉर्टंट' असं होत नाही. 'वाइडली पॉप्युलर' दिसतं खूप ठिकाणी, चूक म्हणून खोडणार नाही मी, पण पॉप्युलर मध्येच पुष्कळ लोक आलेले असतात, मग वाइडली कशाला, नुसतं 'व्हेरी पॉप्युलर' बरं.

ब्रॉडली आणि ओपनली चं काय

ब्रॉडली हा वाइडलीचा भाऊ वाटतो पण त्याचं काम वेगळं. ब्रॉडली म्हणजे ढोबळमानाने. 'ब्रॉडली स्पीकिंग', ढोबळमानाने सांगायचं तर. 'वी ब्रॉडली अॅग्री', मोठ्या मुद्द्यांवर आमचं जमलंय, बारीकसारीक राहिलंय. आता 'वाइडली अॅग्रीड' बघा, म्हणजे पुष्कळ लोकांना हे मान्य आहे. पहिल्यात सहमती कच्ची आहे, दुसऱ्यात सहमती पसरलेली आहे. सोसायटीच्या मीटिंगचं इतिवृत्त लिहिताना हा फरक चुकला तर पुढं भांडणं होतात. हसण्याच्या बाबतीत मात्र दोघंही चालतात, 'स्माइल्ड ब्रॉडली', 'स्माइल्ड वाइडली', तोंडभर हसला.

ओपनली म्हणजे उघडपणे, न लपवता. त्यात पसारा नाही, फक्त झाकलेलं नाही एवढंच. चार भिंतीत एकाच माणसाला पण 'ओपनली' सांगता येतं.

आता खरा मुद्दा: बातमीतला वाइडली

इथपर्यंत भाषा झाली. पण मला हे सगळं लिहावंसं वाटलं ते यापुढच्यासाठी, कारण मार्क गेले तर पुन्हा मिळवता येतात, पण या शब्दावर विश्वास ठेवून पैसा आणि मनस्ताप जातो तो परत येत नाही.

'इट इज वाइडली बिलीव्हड दॅट...' असं एखादं वाक्य वाचा. पुष्कळ लोक मानतात की. कोण लोक? किती? कुठले? वाक्यात काहीच नाही. मानणारा माणूस वाक्यातून गायब आहे, आणि वाइडलीनं त्याची रिकामी जागा भरून टाकली आहे. वाचताना आपल्याला मात्र वाटतं की अर्ध्या जगाला हे माहीत आहे, आपणच मागं राहिलो. 'वाइडली शेअर्ड' चं पण तेच. एखादा व्हिडिओ खूप लोकांनी पुढं पाठवला, एवढंच ते सांगतं. पाठवणाऱ्यांनी तपासून पाठवला असं कुठं म्हटलंय? पसारा हा फक्त पसारा असतो, त्यातून खरेपणा सिद्ध होत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या पतधोरणाच्या दिवशी बातमी येते, 'अॅज वाइडली एक्सपेक्टेड रेपो रेट अनचेंज्ड', म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं पैसे देते तो दर अपेक्षेप्रमाणं तसाच राहिला. इथं अपेक्षा कुणाची? तुमची माझी नाही. बऱ्याचदा एखाद्या वृत्तसंस्थेनं अर्थतज्ज्ञांना विचारलेलं असतं, त्यातल्या बहुतेकांचं उत्तर तेच असतं. ते काही खोटं नाही, पण कर्ज घेतलेल्या माणसानं 'सगळ्यांनाच वाटतंय' असं समजून ईएमआयचा हिशोब आधीच मांडून ठेवू नये.

आता परत हवामान खात्याकडं बघा, आणि इथं त्या खात्याचं मनापासून कौतुक करावंसं वाटतं, कारण त्यांनी या पसाऱ्याला आकडा बांधलेला आहे. एखाद्या विभागातल्या पावसाच्या केंद्रांपैकी ७६ ते १०० टक्के केंद्रांवर पाऊस असेल तर 'वाइडस्प्रेड', ५१ ते ७५ टक्के असेल तर 'फेअरली वाइडस्प्रेड', २६ ते ५० असेल तर 'स्कॅटर्ड' आणि २५ किंवा त्याहून कमी असेल तर 'आयसोलेटेड'. मराठी बुलेटिनमध्ये जे 'बहुतांश ठिकाणी', 'अनेक ठिकाणी', 'काही ठिकाणी', 'तुरळक ठिकाणी' येतं ते हेच. पाऊस किती पडणार ते वेगळ्या शब्दांनी सांगतात, 'हेवी' म्हणजे २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून ११५.५ पर्यंत, २०४.५ आणि त्याच्या वर गेला की 'एक्स्ट्रीमली हेवी'. म्हणजे वाइडस्प्रेड असूनही पाऊस नुसता भुरभुर असू शकतो, सगळीकडं पडला पण माती भिजली नाही. आणि आयसोलेटेड असूनही हेवी असू शकतो, करमाळ्यात एका शिवारात नाला फुटला आणि बार्शीत धूळ. पेरणीचं ठरवताना दोन्ही शब्द वाचायचे, नुसता वाइड वाचून नाही. आणि फेअरली वाइडस्प्रेड म्हणजे विभागातल्या साधारण अर्ध्या ते पाऊण केंद्रांवर, तुमचं शिवार उरलेल्यात असू शकतं.

बातमीतल्या वाइडलीला असा कुठलाही आकडा बांधलेला नाही. तो आपणच विचारायचा आहे.

'समजलं की झालं ना, एवढं बारीक कशाला?'

हा आक्षेप मला मान्य आहे अर्धा. बोलताना कुणी 'ओपन वाइडली' म्हटलं तर डॉक्टरला कळतं, तोंड उघडतं, दात तपासला जातो. तिथं कुणाला हटकू नये, मी पण हटकत नाही. पण त्या चादरीच्या पोराची गोष्ट वेगळी आहे. गिऱ्हाईक त्याला बघत नाही, त्याची चादर हातात घेऊन बघू शकत नाही, त्याच्याकडं फक्त फोटो आणि दोन ओळी आहेत. ओळ वाकडी दिसली की माल पण वाकडा असेल असं समोरच्याला वाटतं. हा अन्याय आहे, पण आहे. आपल्या गावचा माल चांगला असून भाषेपायी मागं पडू नये एवढ्यासाठी हे बारीक.

'इंग्रज लोकसुद्धा चुकतात की'

चुकतात. आणि काही ठिकाणी त्यांच्यातही दोन्ही चालतं, वर हसण्याचं बघितलं तसं. पण 'ओपन वाइडली' किंवा 'वाइड यूज्ड' या चुका त्यांच्या तोंडात सहसा येत नाहीत, जसं आपल्या तोंडात 'टक्कपणे जागा' येत नाही. त्यांच्या चुका वेगळ्या, आपल्या वेगळ्या, म्हणून आपल्या आपणच सुधारायच्या.

'मोबाईल आपोआप दुरुस्त करतो, मग?'

स्पेलिंग दुरुस्त करतो, अर्थ करेलच असं नाही. वाइडली चं स्पेलिंग डब्ल्यू-आय-डी-ई-एल-वाय, त्यातला ई तसाच ठेवायचा, ट्रुली सारखा काढायचा नाही. तो ई लिहायचा राहून गेला तर मोबाईल लाल रेघ ओढतो, तिथं मदत होते. पण घाईत डी च्या आधी एल पडला आणि ई गेला की होतं वाइल्डली, म्हणजे बेभान, बेफाम. तो पण शब्द बरोबरच आहे, मोबाईलला वाटतं तुम्हाला तेच म्हणायचंय. 'वाइडली यूज्ड मेडिसिन' म्हणजे पुष्कळांना दिलं जाणारं औषध, 'वाइल्डली यूज्ड' म्हणजे बेफाम वापरलेलं. बायोडेटात, दुकानाच्या माहितीत, कुठंही वाइडली लिहिलं की पाठवायच्या आधी तेवढा एक शब्द बोट ठेवून अक्षर अक्षर वाचा.

आणि वाइडली लिहिताना आपणही स्वतःला तेच विचारायचं जे बातमीला विचारतो, कोण, किती, कुठं. डॉ. द्वारकानाथ कोटणीसांबद्दल 'ही इज वाइडली रिस्पेक्टेड इन चायना' असं बेधडक लिहा. १९१० साली सोलापुरात जन्मलेला हा डॉक्टर १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेला, बाकीचे चौघं परत आले, हा तिथंच जखमी सैनिकांवर उपचार करत राहिला आणि १९४२ च्या डिसेंबरात वयाच्या ३२ व्या वर्षी तिथंच गेला. शिजियाझुआंग शहरात त्यांचं स्मारक आहे, लोक अजून फुलं वाहतात. कोण, कुठं, दोन्हीचं उत्तर आहे. पण काल सुरू झालेल्या क्लासच्या बोर्डावर 'वाइडली ट्रस्टेड' लिहायचं असेल तर थांबा, तिथं 'न्यू' लिहा.